पलटणची बाकावरची गुंतवणूक

पुणे - प्रो कबड्डीच्या लिलावात एखाद्या खेळाडूवर कोट्यवधींची बोली लागली, की दुसऱ्या दिवशी मथळे त्याच आकड्याचे होतात. नऊ लाखांच्या पायाभूत किमतीत संघात येणाऱ्यांची, किंवा लिलावाबाहेर करारबद्ध होणाऱ्या नवोदितांची नावे फारशी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. विजेतेपदाच्या शर्यतीतील संघाच्या व्यवस्थापनाचे कौशल्य मात्र याच नावांच्या निवडीत दिसते.

पुणेरी पलटणचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आठव्या हंगामात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावे पलटणकडे होती. प्रत्यक्षात चढाईचा भार उचलला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवोदितांनी. त्यांचे मोल गुणांपुरतेच नव्हते. नवोदितांचे मानधन तारांकित खेळाडूंच्या तुलनेत अल्प असते आणि वाचलेला पैसा योग्य वेळी एकाच जागी ओतता येतो. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पलटणने नेमके हेच केले. संघाच्या खर्चाची मर्यादा पाच कोटी असताना इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी तब्बल दोन कोटी ३५ लाख मोजले. चढाईची फळी घरातच तयार असल्याने हे धाडस परवडले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाना स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद पटकावले. कर्णधार होता अस्लम. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

दुबळा संघ गुणवत्ता दिसेल तिथे हात घालतो. त्याच्याकडे सातही जागा मोकळ्या असतात. बलाढ्य संघाला ही चैन नाही. सामन्यासाठी सात खेळाडू आणि पाच राखीव, एवढाच त्याचा हिशेब. त्यामुळे दोन चांगले चढाईपटू असताना तिसरा तसाच घेण्यापेक्षा तिसऱ्या, निर्णायक चढाईला न डगमगणारा किंवा उजव्या कोपऱ्यात बदली उभा राहू शकणारा मुलगा अधिक कामाचा. मैदानात तीनच बचावपटू उरले असताना उतावीळ न होता अव्वल पकड साधणाऱ्याचे मोलही असेच.

इथे वजनाची मेख आहे. कुमार गटाला ७० किलोंची मर्यादा, तर व्यावसायिक मॅटवर ८५ किलोंपर्यंतचे गडी. कुमार गटात चपळाईवर सुटणारा चढाईपटू या गड्यांच्या कचाट्यातून सुटेलच असे नाही. त्याचे आजचे गुण मोजण्याबरोबर, अंगी दहा किलो चढल्यावर त्याचा वेग टिकेल का, हेही पाहावे लागते.

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये असाच प्रश्न निवडीच्या दुसऱ्या फेरीत येतो. सॅन अँटोनिओ स्पर्सने १९९९ मध्ये विजेतेपद मिळवले आणि लगेच त्याच वर्षी ५७व्या क्रमांकावर अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीला निवडले. तो संघात दाखल झाला २००२ मध्ये. तोवर युरोपात खेळून तयार झाला. उलट, पंजाबच्या सतनामसिंगला २०१५ मध्ये डॅलसने ५२व्या क्रमांकावर घेतले. तो एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. उशिराच्या निवडीत फसण्याचीच शक्यता अधिक, हे गृहीत धरावे लागते. बलाढ्य संघाजवळ वाट पाहण्याची सवड असते, एवढाच त्याचा फायदा.

अर्थात बाकावरचे खेळाडू प्रत्येक खिंडार भरू शकत नाहीत. शादलुई २०२४ च्या लिलावात दोन कोटी सात लाखांना हरियानाकडे गेला, अस्लमला दुखापतीने हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना बालेवाडीत झाला. करंडक उंचावला तो हरियानाने. पुणेकरांना हे झोंबले असल्यास नवल नाही.

पुढच्याच हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून ती २८-३१ अशी निसटती हरली. पलटणच्या २८ पैकी दहा गुण तरुण चढाईपटू आदित्य शिंदेने मिळवले होते.