सूत्र, सौदा आणि कृतिवाचक वाक्य

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास जे. एल. ऑस्टिन यांचे नाव अपरिचित नाही. ‘मी वचन देतो’ हे वाक्य खरे की खोटे, असा प्रश्न संभवत नाही. ते उच्चारताच वचन दिले जाते. ही कल्पना समाजशास्त्रज्ञांनी पुढे बाजारात नेली. अर्थशास्त्र बाजाराचे वर्णन करता करता त्यास घडवीतही असते, असे मिशेल कालों यांनी १९९८ मध्ये प्रतिपादन केले. विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटते. परंतु डोनाल्ड मॅकेंझी यांनी अभ्यासिलेले शिकागोचे उदाहरण पाहिले म्हणजे त्यातील तथ्य ध्यानी येते.

शिकागो येथे विकल्पांचा संघटित बाजार एप्रिल १९७३ मध्ये सुरू झाला. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत शेअर घेण्याचा हक्क, परंतु बंधन नव्हे, असा हा करार होय. (आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांचा ‘तेजी’चा सौदा याच जातीचा.) या हक्काची किंमत काढण्याचे सूत्र फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. शेअरचा चालू भाव, ठरलेला भाव, मुदत आणि व्याजदर ही उघड असतात. अंदाजाने भरावयाची ती एकच गोष्ट, शेअरच्या भावाची चंचलता.

प्रारंभी बाजारातील किमती सूत्राशी फारशा जुळत नव्हत्या. परंतु ब्लॅक सूत्रावरून काढलेल्या किमतींचे तक्ते विकीत असत आणि सौदागर ते बाजारात जवळ बाळगीत. तक्त्याहून स्वस्त ते घ्यावे, महाग ते विकावे, असा व्यवहार सुरू झाला व त्या रेट्याने किमती सूत्राजवळ सरकल्या. तेव्हा सूत्र खरे ठरले, की खरे केले गेले? सौद्यांचा खर्चही त्या काळात घटला, हे विसरता येत नाही. तरीही दुसरा पर्याय मला अधिक सयुक्तिक वाटतो. कारण सौदागरांची बोलीच बदलली. विकल्पाचा भाव रुपया-डॉलरात न सांगता त्यातून निघणाऱ्या चंचलतेच्या आकड्यात सांगण्याची रीत पडली.

कृतिवाचक वाक्य फसूही शकते, हे ऑस्टिन यांनीच दाखविले आहे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. भाव उतरताच विक्री करावयाची, ही विकल्पसिद्धांतावर आधारलेली विमासदृश पद्धती या पडझडीस हातभार लावणारी ठरली, असे अनेकांचे मत आहे. त्यानंतर मोठ्या घसरणीपासून संरक्षण देणारे विकल्प सूत्राच्या मानाने महाग राहू लागले. एकच चंचलता धरून सर्व किमती निघेनात. सौदागर मात्र अद्यापि त्याच सूत्रातून काढलेला चंचलतेचा आकडा एकमेकांस सांगतात.