देवावर भरवसा आणि डॉक्टरची गोळी

सुरत–भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन दोन राज्यांत उभं आहे. फलाटाचा एक तुकडा गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. अलीकडं दारूबंदी, पलीकडं परवान्याची दुकानं. सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या खानदेशी माणसाला या मार्गावरची गाडी पाठ असते. ज्याला प्यायचीच आहे त्याला नवापूर लांब नाही, दमण लांब नाही, आणि सुरतेत चोरट्या दारूची पोटली मिळत नाही असं सुरतेतलं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तेव्हा दारूबंदीच्या राज्यात व्यसन फारसं नसणार, हा समज आधी बाजूला ठेवू. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातनं 1960 नंतरही चालू ठेवला, 2017 मध्ये शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली. तरी जुलै 2022 मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत मिथेनॉल पोटात जाऊन चाळीसहून अधिक माणसं दगावली. कायदा दुकान बंद करू शकतो, लागलेली लत नाही. उलट जिथं पिणंच गुन्हा, तिथं ‘मी पितो’ हे डॉक्टरला सांगणंही जड जातं. मग माणूस मंदिरात जातो, दर्ग्यात जातो. आणि नवापूर, नंदुरबार, डांगकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबं पाळकाकडं किंवा फादरकडं जातात. सुरतेत ही दारं जुनी आहेत. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक इथं 1815 मध्येच आले होते.

‘प्रभूच्या हाती सोपव’ हा सल्ला तिथं मिळतो. सल्ला चुकीचा नाही. त्याचा अर्थ मात्र भलताच लावला जातो, श्रद्धाळूंकडूनही आणि त्यांना हसणाऱ्यांकडूनही.

‘विश्वास पुरा असेल तर दवाखाना कशाला?’

हा सगळ्यांत धोक्याचा गैरसमज, कारण यात माणूस मरतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं उपवास-प्रार्थनेच्या पहिल्या दिवशी अचानक दारू तोडली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, वेळ-जागा कळेनाशी होते, ताप चढतो. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर ते जीवघेणं ठरू शकतं. नेमक्या याच अवस्थेला अंगात दुष्टात्मा शिरला असं समजून माणसाला धरून ठेवलं जातं, त्याच्याभोवती मोठमोठ्यानं प्रार्थना होतात. त्या घटकेला त्याला हवी असते ती फिट रोखणारी औषधं, बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन आणि नाडी-रक्तदाबावर लक्ष ठेवणारी नर्स. प्रार्थना खाटेच्या शेजारी बसून करावी, कुणी अडवत नाही.

देवावर हवाला ठेवणाऱ्या व्यसनमुक्तीचा जगातला सगळ्यांत मोठा वारसा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा. त्याचे एक संस्थापक बिल विल्सन यांना ज्या अनुभवानं दारूपासून सोडवलं, तो त्यांना आला डिसेंबर 1934 मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात. तिथं ते डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांच्या देखरेखीखाली दारू उतरवण्याचे उपचार घेत होते. दुसरे संस्थापक बॉब स्मिथ, म्हणजे डॉ. बॉब, तर स्वतःच शल्यविशारद. पुढं 1939 पासून त्यांनी ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीच्या मदतीनं दारुड्यांना दाखल करून घेतलं. तेव्हाची बहुतेक इस्पितळं असा रोगी दारातही उभा करत नसत. म्हणजे दवाखाना आणि देव ही जोडी या वाटेवर पहिल्या दिवसापासून आहे. बायबलही याच्या आड येत नाही. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थनेबरोबर तेल लावायला सांगितलंय, आणि तेल हे त्या काळी जखमेवरचं औषधही होतं.

दारू उतरल्यानंतरच्या महिन्यांत ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. त्या घेणाऱ्याला ‘मग देवावर भरवसा कुठं राहिला?’ असं विचारणाऱ्या वडीलधाऱ्यानं आपली बीपीची गोळी आधी बंद करून दाखवावी.

‘पुन्हा प्यायला, म्हणजे साक्ष खोटी’

चर्चच्या मंडळीत सगळ्यांपुढं साक्ष देण्याची रीत सुंदर आहे, पण तिला घाई फार. तीन आठवडे न प्यायलेल्या माणसाला रविवारी पुढं उभं केलं जातं, टाळ्या पडतात. चौथ्या आठवड्यात पाय घसरला की तो चर्चला यायचाच बंद होतो, कारण आता त्याला दारूबरोबर स्वतःची साक्षही लपवायची असते. एएतल्या लोकांकडं यासाठी साधा शब्द आहे: ‘स्लिप झाली’. सांगायचं, आणि पुढच्या मीटिंगला यायचं.

व्यसनातून उठलेल्यांपैकी साधारण चाळीस ते साठ टक्के लोक पुन्हा एकदा तरी घसरतात, असं अमेरिकी वैद्यकीय अभ्यास सांगतात. दमा आणि रक्तदाबाचे रोगीही औषध-पथ्य सोडून जवळपास त्याच प्रमाणात पुन्हा आजारी पडतात, तेव्हा कुणी त्यांच्या विश्वासाची झडती घेत नाही. एएचा स्थापनादिन 10 जून 1935 मानतात. विल्सन आणि डॉ. बॉब भेटले होते त्याच्या महिनाभर आधी. पण मध्ये डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि वाटेत पुन्हा तर्र झाले. त्या घसरणीनंतरचा त्यांचा शेवटचा पेला ज्या दिवशी रिकामा झाला, त्या दिवसापासून संस्थेचं वय मोजतात. घसरलेल्या माणसाला मंडळीतून बाहेर काढू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खुद्द पौलानंही शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवणी केली होती, आणि तो काटा काही निघाला नाही.

‘सोपवलं म्हणजे आता मला काही करायचं नाही’

एएच्या बारा पायऱ्यांत आयुष्य देवाच्या स्वाधीन करण्याचा निर्णय तिसऱ्या पायरीवरच होतो. त्यापुढच्या बहुतेक पायऱ्या कामाच्या आहेत: स्वतःच्या चुकांची यादी लिहायची, ती दुसऱ्या माणसासमोर वाचायची, ज्यांचं नुकसान केलं त्यांची नावं काढायची, भरपाई करायची, रोज झाडा घ्यायचा, नव्या माणसाला हात द्यायचा. सोडायचा असतो तो एकच हट्ट: ‘माझं मी बघून घेईन, मला कंट्रोल आहे.’ पोटली आणून देणाऱ्याचा नंबर मोबाइलवरून पुसणं, पगार झाल्या दिवशी पैसे बायकोच्या हाती देणं, पाळी सुटल्यावर घरी जायचा रस्ता बदलणं, ही कामं स्वर्गातून कुणी उतरून करत नाही.

एवढं करून उपयोग होतो का? 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं 27 अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांवर लोक होते. एएकडं पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभरानं 42 टक्के लोक पूर्ण कोरडे होते. इतर मान्य मानसोपचारांनंतर 35 टक्के. चमत्कार म्हणण्याइतका फरक नाही, थोतांड म्हणावं इतका कमीही नाही.

‘यासाठी ख्रिस्ती व्हावं लागतं’

नाही. एएची मुळं ख्रिस्ती आहेत हे खरं. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या चळवळीच्या बैठकांतून आणि सॅम्युएल शूमेकर या पाळकाच्या सहवासात विल्सन घडले. पण देव ज्याला जसा उमगेल तसा, ही सवलत त्यांनी लवकरच पायऱ्यांत लिहून टाकली. उघडपणे ख्रिस्ती असा कार्यक्रम म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचा 1991 चा सेलिब्रेट रिकव्हरी. तिथं नाव येशूचंच घेतात. जवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतलं. फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः दारूतून सावरलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. बारा पायऱ्या आणि अय्यंगारांची योगासनं असा मेळ त्यांनी घातला. काही कडव्या ख्रिस्ती मंडळींना तो रुचत नाही. पण ‘कृपा’मध्ये सगळ्या धर्मांची माणसं राहतात, आणि 2009 मध्ये सरकारनं फादरांना पद्मश्री दिली. ज्यांना धार्मिक संस्था नको त्यांच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहेच.

‘धर्म बदल, दारू सुटेल’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं तर आहेच, शिवाय गुजरातेत अडचणीचंही. 2003 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात देवाच्या कोपाची भीती घालून केलेलं धर्मांतर बळजबरीत धरलं आहे.

आणि देवावरच्या भरवशानं दारू सोडणं ही मिशनऱ्यांनी आणलेली परदेशी कल्पना, असं वाटत असेल तर सुरत जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. 1922 च्या हिवाळ्यात पालघरच्या किनाऱ्याकडून डोंगरांतून एक देवी ‘आली’. तिच्या नावानं सुरत, डांग, खानदेशातले हजारो आदिवासी गोळा झाले. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूचा धंदा करणाऱ्यांकडं कामाला जाऊ नका, अशा तिच्या आज्ञा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर 1987 मध्ये पुस्तक लिहिलं. पुढं गावागावांत दोन तट पडले: सोडलेलं न धरणारे ते वरजेला, परत वळलेले ते सरजेला.  

‘ख्रिस्ती माणसाला दारू चालतेच’

हिंदी सिनेमाची कृपा. साल्व्हेशन आर्मी 1882 मध्ये मुंबईत आली. तिच्या सैनिकाला दारू आणि तंबाखू दोन्ही वर्ज्य. मेथॉडिस्टांनी प्रभुभोजनात द्राक्षरस आणला. कॅथलिकांत वाइन असते, पण भाविकानं नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पुरं होतं. सावरत असलेल्यानं फादरला तसं सांगायला लाजू नये. गुजरातच्या कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनला परवानगीची तरतूद आहे.

‘दारू सुटली, म्हणजे सुटलो’

विल्सन 1971 मध्ये गेले ते फुप्फुसांच्या आजारानं, वर्षानुवर्षांच्या सिगारेटी भोवल्या म्हणून. तंबाखूचा मावा चघळत ‘देवानं मला व्यसनातून सोडवलं’ अशी साक्ष देणारे सुरतेत कमी नाहीत. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर अश्लील चित्रफिती, पैसे लावून खेळायचे गेम, श्रावणातला जुगार हेही त्याच घरातले पाहुणे. चर्च यांना फक्त पाप म्हणतं, आणि पाप म्हटलं की माणूस आणखी लपवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार आणि अनावर लैंगिक वर्तनाचा विकार दोन्ही आहेत. कबुली फादरपाशी द्यावी, समुपदेशकाची वेळही घ्यावी, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

घरच्यांविषयी थोडं. ‘बायकोनं नीट प्रार्थना केली असती तर तो सुधारला असता’ हे वाक्य मी मंडळीतल्या बायकांच्याच तोंडून ऐकलंय. तिच्या प्रार्थनेनं त्यानं प्यायला सुरुवात केली नव्हती. तिच्यासाठीही वेगळा आधार आहे: विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी 1951 मध्ये सुरू केलेला अल-अनॉन. त्यात नवऱ्याचे खाडे आणि उधारी झाकणं थांबवायला शिकवतात. आणि मारहाण सोसणं म्हणजे क्रूस वाहणं नव्हे.

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या साधारण 38 जणांतल्या एकालाच काही उपचार मिळतो. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक 14446, फुकट. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलि-मानस, 14416. तिथं मराठीतही बोलता येतं आणि गुजरातीतही.