कबाबच्या हातगाडीची शेगडी कशी बसवावी?

पिंप्राळा हुडको भागात मगरिबनंतर चक्कर मारली, तर कबाबच्या गाडीचा धूर लांबूनच दिसतो. गाडी टाकणारा तरुण गोश्त-मसाल्याचा हिशेब चोख करतो. शेगडी गाडीवर कशी बसवायची याचा विचार मात्र शेवटी करतो आणि तेथेच फसतो.

मी कापडाचा व्यापारी. सुरुवातीला हातगाडीवर तागे लावून आठवडे बाजार केले. तीच गाडी पुढे भाच्याला कबाबसाठी दिली. त्याने फळीवर पत्र्याचा तुकडा टाकून वर शेगडी ठेवली. काही महिने सुरळीत गेले. मग एका रात्री धावत आला, "मामू, फळी जळाली!" पत्रा उचलून पाहतो तो खालचे लाकूड काळे पडलेले, बोट लावले की भुगा. पत्रा ठिणगी अडवतो, उष्णता अडवत नाही. आणि रोज थोडे थोडे भाजलेले लाकूड पुढे कमी उष्णतेवरही पेट घेते. खानदेशात भरिताची वांगी शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तेथे उष्णता जमीन पिते. गाडीवर ती फळीलाच प्यावी लागते.

दुसऱ्या वेळी आम्ही फळीला शेगडीपेक्षा चारही बाजूंनी चार बोटे मोठे भोक पाडले. लोखंडी अँगलची चौकट करून ती फळीला नव्हे, तर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने आवळली. शेगडी त्या चौकटीवर बसते, लाकडाला कोठेच टेकत नाही. खाली वीतभर अंतरावर राखेसाठी पत्र्याचा ट्रे, त्यात वाळूचा थर. शेगडीचे वजन दोन्ही चाकजोड्यांच्या मधे आले पाहिजे, नाहीतर खड्ड्यात गाडी कलते.

शेगडीला १६ गेजचा काळा पत्रा घ्यावा. जस्ताचा पत्रा भंगारात स्वस्त मिळतो, पण तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि कारागिराला ताप भरतो. उष्णता अडवायला सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडेही लावू नयेत. त्यात ॲसबेस्टॉस असते, कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते.

झाकणाचे मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखे आहे. तेथे १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन भाग करून झाकणाची गोल शेगडी केली. तिची हवेची भोके बंद केली की कोळसा विझतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी कामाला येतो. आमच्या लोहाराने लांबट शेगडीलाही घट्ट झाकण करून दिले. आता भाचा इशानंतर पाणी ओतत नाही, झाकण लावतो. ओला कोळसा वाळवायची कटकट गेली.

एक गोष्ट जिवाची आहे. थंडीत काही जण निखाऱ्यासकट गाडी घरात घेतात, दार लावून झोपतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. झाकलेला निखाराही तासन्‌तास धुमसतो. आमची गाडी रात्री अंगणात साखळीने बांधलेली असते. राखेचा लोखंडी डबा झाकण लावून भिंतीपासून लांब, उघड्यावर. राख दुसऱ्या दिवशी दुपारी हात लावून पाहिल्यावरच उकिरड्यावर जाते.