आधी मूठ, मग नेम



या पानावर दरवेळी मी बेणे, लागण, खोडवा याबद्दल लिहितो. या खेपेला पिस्तुलाबद्दल लिहितो आहे म्हणून काही जण हसतील. पण गेल्या दोन हंगामांत गट ऑफिसात तोडीच्या तारखेखालोखाल मला विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, "साहेब, पोरीला नेमबाजीला घालायचं म्हणतोय. पिस्तूल केवढ्याला पडतं?"

प्रश्न उगाच आलेला नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जाकार्ताच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. एशियाडमध्ये नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून रायफलचे ब्राँझपदक आणले. तेव्हापासून घरोघरी पोरे बोटाची बंदूक करून नेम धरायला लागली आहेत. म्हणून घरचाच अनुभव सांगतो. त्यात शहाणपण थोडे आणि चुका जास्त आहेत.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आपल्याच कारखान्याचे सभासद. त्यांची मुलगी शाळेच्या शिबिरातून एअर पिस्तूलकडे वळली. दीड वर्ष क्लबच्या पिस्तुलावर शिकली. गुण सहाशेपैकी ५२० च्या आसपास येऊन थांबले. कुणीतरी सांगितले, स्वतःचे पिस्तूल असल्याशिवाय पुढे जाणार नाही. इकडे मी वर्षभर अण्णांच्या मागे लागून ठिबकसाठी त्यांचे मन वळवले होते. उसाचे बिल जमा झाले आणि ठिबकचे पैसे पिस्तुलात गेले! परदेशी बनावटीचे, एकाने वापरलेले. मला राग आला. चार दिवस अण्णांकडे गेलो नाही. मग पुतणीचाच फोन आला, "काका, पिस्तूल चांगलं आहे, पण गुण तेवढेच पडतात."

गुण कुठे जातात?

त्या रविवारी रेंजवर जाऊन बसलो. १० मीटरच्या प्रकारात ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारतात. दहाचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. एका हाताने, हात लांब ताठ करून, ७५ मिनिटांत ६० छर्रे. हात थोडा हलणारच, कुणाचाही हलतो. पण मार्गदर्शकांनी मला जो हिशोब सांगितला तो ऐकून डोळे उघडले.

पिस्तुलावर मागे खाच असते आणि पुढे माशी. खाचेच्या बरोबर मधोमध माशी दिसली पाहिजे. दोन्हींत अंतर साधारण ३० सेंटीमीटर धरा. लक्ष्य आहे १० मीटरवर, म्हणजे तेहतीस पट लांब. सबंध हात पाच मिलिमीटर सरळ बाजूला सरकला तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो, दहा गुण शाबूत. पण मनगट वळून माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर कागदावर सोळा-सतरा मिलिमीटरचा फरक पडतो. दहाचे थेट आठ! म्हणून नेमबाज नजर माशीवर ठेवतो, लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. आणि म्हणूनच मूठ महत्त्वाची. मूठ हातात सैल असेल तर चाप ओढताना मनगट वळते. आमच्या पुतणीचा हात बारीक, मूठ मात्र मोठ्या पुरुषी हाताच्या मापाची. बोट चापापर्यंत पोचवायला ती दरवेळी पकड बदलत होती. दोष पिस्तुलाचा नव्हता आणि पोरीचाही नव्हता.

सुतारमामांची करामत

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती हाताप्रमाणे कोरून घ्यायचीच असते. परदेशात नामांकित नेमबाजही मूठ कानशीने घासून, भर घालून स्वतःच्या हाताची करून घेतात. आम्ही मूठ सोडवून गावच्या सुतारमामांकडे नेली. नळी, चाप, हवेची टाकी यांना हात लावला नाही, हे मुद्दाम सांगतो.

मामांनी पोरीच्या तळव्याला खडू फासला आणि मूठ धरायला सांगितली. जिथे खडू उमटला तिथे लाकूड टेकते, जिथे कोरे राहिले तिथे पोकळी. "साहेब, कुदळीचा दांडासुद्धा ज्याचा त्याला बसतो. हे तर पिस्तूल हाय," मामा म्हणाले. जिथे टोचत होते तिथे कानस, जिथे पोकळ होते तिथे लाकडाचा भुसा आणि ॲरल्डाइट. वाळले की पुन्हा खडू. असे तीन रविवार गेले. शेवटी डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडायचे. माशी आपोआप खाचेच्या मधोमध दिसली की मूठ बसली.

चूक इथेच झाली. भर घालण्याच्या उत्साहात मूठ जाड झाली. स्पर्धेच्या सकाळी साहित्य तपासणी असते. एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते, वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही, आणि चापाला अर्ध्या किलोचे वजन लटकवून उचलतात, तेवढ्यात चाप सुटला तर पिस्तूल बाद. वजन आणि चाप पास झाले. पेटीत मात्र पिस्तूल बसेना! पोरीच्या डोळ्यांत पाणी. अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीतून पॉलिश पेपर काढला आणि बाहेर कट्ट्यावर बसून वीस मिनिटे मूठ घासली. परत तपासणीला गेलो, बसले. त्या दिवशी तिला ५४१ पडले. पुढच्या फेरीला तेवढे पुरले नाहीत, दोन गुणांनी राहिली. पण वीस गुण वाढले ते लाखाच्या पिस्तुलाने नव्हे, मुठीने.

नंतर हिशोब मांडला. हीच मेहनत क्लबच्या पिस्तुलासाठी वेगळी मूठ घेऊन केली असती, तर ठिबक त्याच वर्षी झाले असते. अण्णांनीही ते कबूल केले. ठिबक वर्षभर उशिरा बसले. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला आणि वरच्या बाजूच्या खोडव्याला पाणी पोचले नाही, ते आम्ही दोघे विसरणार नाही.

साहित्य आणि माणूस

साहित्याला महत्त्व नाही असे मात्र नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ऐन फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच मनूने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझपदके घेतली. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबने निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये त्यांनी रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले. पिस्तूल माणसाला साथ देते, माणसाची जागा घेत नाही.

सभासदांना सूचना

१) पहिली दोन वर्षे क्लबचे पिस्तूल वापरावे. खर्च करायचाच तर आधी हाताच्या मापाच्या मुठीवर करावा.

२) वापरलेले पिस्तूल घेताना हवेच्या टाकीवरची तारीख वाचावी. टाकीची मुदत साधारण दहा वर्षांची असते. आमच्या टाकीची आठ महिन्यांत संपली. विकणाऱ्याने सांगितले नाही, आम्ही पाहिले नाही.

३) मूठ घासताना थोडे थोडे घासावे. मूठ मनगटाला आधार देता कामा नये, तो नियमभंग आहे. स्पर्धेआधी घरीच ५० मिलिमीटर जाडी मोजावी.

४) २५ मीटरचे .२२ पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. नळी किंवा चापाचे काम गावात कुणाकडूनही करून घेऊ नये.

५) घरी रोज अर्धा तास छर्रा न घालता सराव करावा. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून फक्त माशी बघायची आणि चाप सावकाश ओढायचा. याला पैसा लागत नाही. तरीही पिस्तूल भरलेलेच आहे असे समजून वागावे. कुणाकडेही रोखू नये, चेष्टेतसुद्धा.

पुतणी आता दहावीला आहे. अभ्यास सांभाळून सराव चालू आहे, परवा ५४८ पडले. पुढे काय होईल ते तिच्या हाती. आपण पालकांनी एवढेच बघावे, की पोराच्या हाताचे माप घेतल्याशिवाय उसाचे बिल मोडायचे नाही. जमीन तपासल्याशिवाय खत घालू नका असे मी तुम्हाला वीस वर्षे सांगतो आहे. घरच्या बाबतीत ते मलाही उशिराच सुचले.

— ऊस विकास अधिकारी