समूहनामांचे अर्थांतर : 'सार्मेशियन' या शब्दाचे उदाहरण

अर्थपरिवर्तनाचा अभ्यास करताना आपण बहुधा सामान्यनामांची उदाहरणे घेतो. लोकसमूहांची नावे या चर्चेत मागे राहतात. वस्तुतः समूहनाम हे अर्थाच्या दृष्टीने फार चंचल असते; कारण ज्यांचे ते नाव, त्यांच्या ताब्यात ते क्वचितच राहते. 'यवन' हा शब्द आठवून पाहा. आयोनियातील ग्रीकांसाठी आलेला हा शब्द पुढे मराठीत मुसलमानांसाठी रूढ झाला आणि मूळ ग्रीक संदर्भ बोलणाऱ्यांच्या मनातून पुसला गेला. इंग्रजीतील 'सार्मेशियन' हा शब्द याच जातकुळीचा आहे. त्याची वाटचाल मात्र अधिक वळणांची असल्याने ती येथे तपशिलाने पाहू.

सार्मेशियन हे इराणी शाखेची भाषा बोलणारे, घोड्यांवर जगणारे भटके पशुपालक होते. इसवी सनापूर्वी सुमारे चौथ्या शतकापासून इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत, उरल पर्वताच्या दक्षिणेपासून डॅन्यूबच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशात त्यांचा वावर होता. याझिगीज, रोक्सोलानी, आओर्सी, अलान अशा अनेक टोळ्या या एका नावाखाली येतात. ते एकसंध राष्ट्र कधीच नव्हते. त्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. आपल्याला जे कळते ते ग्रीक व रोमन लेखकांकडून आणि त्यांच्या दफनटेकड्यांच्या उत्खननांतून. म्हणजे हे नाव आपल्यापर्यंत आले तेच मुळी परक्यांच्या तोंडून.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने डॉन नदीपलीकडील 'सौरोमाताय' लोकांचा उल्लेख केला आहे. पुढील लेखकांचे सार्मेशियन आणि हे लोक यांचे नाते निकटचे मानले जाते. हिरोडोटस सांगतो की, सिथियन तरुण आणि लढवय्या ॲमेझॉन स्त्रिया यांची ही संतती. या स्त्रियांना सिथियन भाषा नीट शिकता आली नाही, म्हणून त्यांचे वंशज ती अशुद्ध बोलतात. कथा अर्थातच दंतकथेच्या वळणाची आहे. तरी भाषाभ्यासकाने ती हसून सोडून देऊ नये. तिच्यात एक खरे निरीक्षण दडले आहे : दोन बोली इतक्या जवळच्या होत्या की एकीला दुसरीचे 'बिघडलेले' रूप समजता यावे. शेजाऱ्याच्या बोलीला अशुद्ध ठरवण्याची ही खोड आपल्याकडेही कमी नाही. शस्त्रांसह पुरलेल्या स्त्रियांची थडगी या प्रदेशात सापडली आहेत, त्यामुळे कथेतील स्त्रियांनाही थोडा वास्तवाचा आधार मिळतो.

या लोकांच्या भाषेचा माग नद्यांच्या नावांत लागतो. डॉन, नीपर, नीस्टर या नावांमागे 'दानु' हा इराणी शब्द आहे. अवेस्तात त्याचा अर्थ नदी. ऋग्वेदातही 'दानु' हा शब्द द्रव किंवा थेंब या अर्थी येतो. कॉकेशस पर्वतात आज बोलली जाणारी ओसेटिक ही अलानांच्या भाषेची वंशज. तिच्यात 'दोन' म्हणजे पाणी. लोक पांगले, पण त्यांचा शब्द नद्यांनी जपला.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीने हे नाव लॅटिनमधून घेतले. लॅटिनमध्ये लोकांना 'सार्माते' आणि प्रदेशाला 'सार्मातिया' म्हणत. इंग्रजी उच्चारात या 'ति'चा 'श' झाला. क्रोएशिया आणि डाल्मेशियन या शब्दांत आपण हेच ऐकतो. मराठीत आपण लिहितो ते रूप इंग्रजीच्या उंबऱ्यावरून आलेले आहे, हे लक्षात असू द्या.

नावाचे खरे स्थलांतर घडले ते नकाशावर. दुसऱ्या शतकात टॉलेमीने युरोपीय आणि आशियाई असे दोन सार्मातिया नोंदवले. युरोपीय सार्मातिया व्हिस्चुला नदीपाशी सुरू होत असे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात हूणांच्या लोंढ्यापुढे तेथील लोक विखुरले. विद्वानांच्या ग्रंथांतील प्रदेशनाम मात्र हलले नाही. १५१७ साली क्राकोव येथे माचेय मियेखोविता याने दोन सार्मातियांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. सोळाव्या ते अठराव्या शतकांत पोलंडचे सरदार स्वतःला सार्मेशियनांचे वंशज म्हणवू लागले. त्यांचा लांब झगा, वाकडी तलवार, स्वातंत्र्याचा अभिमान हे सारे या कल्पित वंशाशी जोडले गेले. या वंशावळीत शेत कसणाऱ्या कुळांना सहसा जागा नव्हती. येथे नाव केवळ ओळख देत नाही, ते माणसांची उतरंडही लावते. पुढे १७६५ मध्ये सुरू झालेल्या 'मॉनिटर' या पोलिश नियतकालिकाच्या काळात सुधारकांनी 'सार्माटिझम' हा शब्द मागासपणाची खूण म्हणून वापरला. आज इंग्रजी कलेतिहासात तोच शब्द एका संस्कृतीचे निर्विकार नाव झाला आहे.

इंग्रज कवींनीही पोलंडला 'सार्मेशिया' म्हटले. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीने पोलंड नकाशावरून नाहीसा झाला. १७९९ मध्ये थॉमस कॅम्बेल याने 'द प्लेझर्स ऑफ होप' या दीर्घकाव्यात त्या पतनाचा शोक केला तो याच नावाने. राज्य उरले नव्हते, म्हणून कवीने जुन्या नावाचा आसरा घेतला, असे मला वाटते. येथे या शब्दाचा अर्थ 'इराणी भटके' असा लावणारा वाचक काव्याचे दुःखच हरवून बसेल.

एकोणिसाव्या शतकात शब्द माणसांपासूनही सुटला. १८६६ मध्ये भूवैज्ञानिक एडवर्ड झ्यूस याने पूर्व युरोपातील काही खडकांच्या थरांना हे नाव दिले; त्या अर्थी 'सार्मेशियन' म्हणजे सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा काळ. अलीकडे रशियाच्या एका क्षेपणास्त्राच्या 'सार्मात' या नावाने तो इंग्रजी बातम्यांत आला आहे. चित्रपटही मागे राहिले नाहीत. इसवी सन १७५ मध्ये सम्राट मार्कस ऑरेलियस याने याझिगीजांकडून ८,००० घोडेस्वार घेतले आणि त्यांपैकी ५,५०० ब्रिटनला पाठवले, अशी नोंद कॅसियस डिओ करतो. २००४ च्या 'किंग आर्थर' या चित्रपटात आर्थर राजाचे सरदार सार्मेशियन दाखवले आहेत. घोडेस्वारांची नोंद हा पुरावा आहे. आर्थरशी त्यांचा संबंध हा तर्क आहे. नाव एक असले की पुरावा आणि तर्क यांतली भिंत नकळत पातळ होते. वंशाच्या अभिमानाचे वाद जेथे पेटतात तेथे ही भिंत तपासून घ्यावी.

गवताळ प्रदेशातील याच इराणी भाषकांचे नातलग म्हणजे शक. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची नोंद आहे, आणि तो शक होता. त्या लोकांचे नाव मराठीत आज 'शालिवाहन शक' या कालगणनेत ऐकू येते. पंचांग उघडणाऱ्याच्या मनात घोडेस्वार येत नाहीत.

स्वाध्याय : 'फिरंगी' या शब्दाचे मूळ आणि मराठीतील त्याचे बदललेले अर्थ शोधा. प्रत्येक टप्प्यावर नाव कोणी दिले आणि ते कोणाला लागू झाले, याची स्वतंत्र नोंद करा.