विद्युत्-संवेदक आणि अंमली पदार्थांची ओळख

तपासणी नाक्यावर एखाद्या वाहनात पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली, म्हणजे पंच बोलावले जातात, मुद्देमालाचे वजन होते व पंचनाम्यावर सह्या होतात. परंतु ती भुकटी कोकेन आहे, हेरॉईन आहे, की एखादे साधे औषध आहे, हे डोळ्यांनी ठरत नाही. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये कोकेनची १०० ग्रॅमपेक्षा अधिक मात्रा व्यापारी मात्रा गणली जाते. तिच्यासाठी किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. जामीनही सहजासहजी मिळत नाही; आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे असल्याची न्यायालयाची खात्री व्हावी लागते. म्हणून पहिल्याच परीक्षेत चूक झाली, तर निर्दोष मनुष्याला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत कोठडीत दिवस काढावे लागतात. उलटपक्षी, खरा गुन्हेगार हातचा निसटतो.

ही पहिली परीक्षा दीर्घकाळ रंगावरून होत आली आहे. गाढ सल्फ्युरिक आम्ल व फॉर्मल्डिहाइड यांच्या मिश्रणाने हेरॉईन जांभळे होते. कोबाल्ट थायोसायनेटने कोकेन निळे होते. ही रीत स्वस्त आहे व सुटसुटीतही आहे. तथापि निळा रंग हा कोकेनचा एकट्याचा मक्ता नव्हे. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी दिले जाणारे लिडोकेनही तोच रंग देऊ शकते. शिवाय तस्कर भुकटीत मुद्दाम रंग मिसळतात. मग नळीतला खरा रंग कोणता, हे सांगणे अवघड होते. कंदिलाच्या उजेडात एकाला निळे दिसलेले दुसऱ्याला हिरवट दिसते, ही अडचण तर वेगळीच.

विद्युत्-रसायनशास्त्राने येथे निराळा मार्ग दाखविला आहे. मधुमेही रुग्ण बोटाच्या थेंबभर रक्तावरून साखर पाहतात, ती पट्टी आता पुष्कळांच्या परिचयाची आहे. अंमली पदार्थांचा संवेदक तिचाच भाऊबंद म्हणावा लागेल. लहानशा पट्टीवर कार्बनच्या शाईने विद्युत अग्र छापलेले असते व शेजारी आणखी दोन अग्रे असतात. चिमूटभर भुकटी द्रावणात विरघळवून तिचा थेंब पट्टीवर ठेवतात आणि विद्युत दाब क्रमाक्रमाने वाढवीत नेतात. प्रत्येक पदार्थाचे रेणू आपापल्या ठराविक दाबाला इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणजेच त्यांचे ऑक्सिडीकरण होते, आणि त्या क्षणी विद्युत प्रवाह एकदम चढतो. पॅरासिटॅमॉल कमी दाबाला इलेक्ट्रॉन देते. कोकेनसाठी दाब सुमारे एक व्होल्टपर्यंत न्यावा लागतो. प्रवाह आलेखावर काढला, की शिखरे उमटतात. शिखराचे स्थान पदार्थाची ओळख सांगते, तर त्याच्या उंचीवरून प्रमाणाचा अंदाज येतो. भुकटीला कोणता रंग दिला आहे, याच्याशी या आलेखाला फारसे कर्तव्य नसते.

या विद्येचे मूळ प्राग शहरात आहे. तेथे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ साली पाऱ्याच्या ठिबकणाऱ्या थेंबांचा अग्र म्हणून उपयोग करून ही मापनपद्धती शोधून काढली. त्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाऱ्याची जागा छापील कार्बनने घेतल्यावर हे उपकरण प्रयोगशाळेबाहेर नेण्याजोगे झाले.

बेल्जियममधील अँटवर्प हे कोकेनच्या तस्करीने त्रस्त झालेले मोठे बंदर आहे. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष जप्त केलेल्या भुकट्या अशा पट्ट्यांवर तपासल्या. त्यात एक मोठी अडचण आढळली. जनावरांना जंतांसाठी दिले जाणारे लेव्हॅमिसॉल हे औषध तस्कर कोकेनमध्ये सर्रास मिसळतात, आणि ते सोबत असले म्हणजे कोकेनचे शिखर दबते. संशोधकांनी द्रावणाचा सामू १२ पर्यंत वाढविला, म्हणजे ते अधिक अल्कधर्मी केले, तेव्हा दबलेले शिखर पुन्हा दिसू लागले. या कामाचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. गुरांच्या औषधाने मानवी व्यसनाचा माग असा झाकावा, हा विलक्षणच योग होय!

तरीही ही पट्टी सर्वज्ञ नाही. दोन पदार्थांची शिखरे जवळजवळ आली, तर ती एकमेकांत मिसळतात. म्हणून केवळ एका शिखरावर न विसंबता संपूर्ण आलेख ज्ञात नमुन्यांच्या आलेखांशी ताडून पाहावा लागतो. प्रमाणाचा अंदाज मिळाला, तरी मात्रा ठरविताना त्यावर भिस्त ठेवता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. नाक्यावरील परीक्षा, मग ती रंगाची असो वा विद्युत प्रवाहाची, प्राथमिकच राहते. मोहरबंद केलेला नमुना न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो आणि न्यायालयापुढे ठेवला जातो तो तेथील रसायन परीक्षकांचा अहवाल.