जिना कुणाच्या वाटणीला?

मागच्या दिवाळीत आमच्या केळव्याच्या घरी पाडव्याची जेवणं आटोपली आणि धाकट्या भाऊजींनी ओटीवर एक कागद पसरला. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी घराचा नकाशा काढला होता. एवढं मोठं घर आणि राहणारे आम्ही तिघंच. सासूबाई, हे आणि मी. मोठे भाऊजी बोईसरला, धाकटे विरारला. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंबईकरांची गर्दी असते, शीतलादेवीच्या दर्शनालाही माणसं येतात. आजूबाजूच्या वाड्यांमधून खोल्या भाड्याने जातात, मग आपणच का मागे राहायचं? खाली चार खोल्या, वर माळ्यावर दोन, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम. तिघा भावांना दोन-दोन. हिशेब अगदी चोख होता.

सगळे खूश. मी मात्र पटकन विचारून बसले, "आणि जिना कुणाच्या वाटणीला?"

"वहिनी, जिना काय खायचाय का?" भाऊजी हसले, सगळेच हसले. मला माझ्या मावशीचा जिना आठवत होता.

मावशी लग्न होऊन मुंबईला फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत राहायला गेली. मुळात ती कुठल्याशा व्यापाऱ्याची कचेरी. तिच्या मोठाल्या दालनांमध्ये लाकडी फळ्या ठोकून बिऱ्हाडं केलेली. छत इतकं उंच की काकांनी खोलीतच पोटमाळा काढला होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्या पोटमाळ्यावर झोपायचो. हल्ली मासिकांत 'लॉफ्ट'मधल्या घरांचे फोटो येतात, उंच छत, उघड्या विटा, आतूनच वर जाणारा जिना, तेव्हा मला हसू येतं. मावशीकडे हे सगळं होतं की! फक्त वर उभं राहिलं की डोकं आपटायचं आणि सकाळी गॅलरीच्या टोकाला संडासाची रांग लागायची.

त्या इमारतीत प्रत्येकाची खोली झकपक होती. कुणी फरशा बदलल्या, कुणी रंग काढला, मावशीने ओट्याला कडाप्पा बसवला. जिना मात्र होता तसाच. मालक म्हणायचा, "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठून करू?" भाडेकरू म्हणायचे, "दुसऱ्याच्या इमारतीवर आपण का खर्च करायचा?" दोघांचंही खोटं नव्हतं. पावसाळ्यात छपराचं पाणी जिन्यावर गळायचं. एका आषाढात पाण्याची बादली घेऊन उतरताना तिची कुजलेली पायरी तुटली आणि मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती त्या खोलीत परत कधी चढलीच नाही.

आम्हाला संध्याकाळी फिरायला नेताना मावशी काळ्या घोड्याजवळची एक इमारत दाखवायची आणि म्हणायची, "ही बघा, आमच्या इमारतीची थोरली बहीण." ती इमारत म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, मूळची वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ती बांधली. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला. बिडाच्या सांगाड्याची भारतात टिकून राहिलेली सगळ्यात जुनी इमारत म्हणून तिचं नाव घेतात. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा इथेच पाहिली, एक रुपया तिकीट देऊन. मार्क ट्वेनसारखा लेखक त्याच वर्षी तिथे उतरला होता.

पुढे हॉटेल बंद पडलं. दालनांमध्ये भिंती घातल्या, खोल्यांच्याही खोल्या केल्या आणि त्या भाड्याने दिल्या. कुठे बिऱ्हाडं, तर जवळच कोर्ट असल्यामुळे कुठे वकिलांची ऑफिसं. एका सांगाड्यावर किती भार टाकायचा, याचा विचार कुणी एकत्र बसून केला नाही. ज्याने त्याने आपापल्या चौकटीपुरतं पाहिलं. २००५ च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव गेलं. यादीत नाव आलं, तरी खर्चाला हात कुणाचा पुढे आला नाही. अखेर २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढून ती रिकामी केली. आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाडायचा सल्ला दिला, वारसा जपणारे म्हणाले वाचवता येईल, आणि वाद कोर्टात गेला. जिथे आयुष्य गेलं, त्या खोलीला शेवटचं कुलूप लावताना तिथल्या बायकांना काय वाटलं असेल, ते मावशीकडे पाहून मला कळतं.

हे असं का होतं? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी गोठली. त्या कायद्यामुळे गिरणी कामगार, कारकून यांच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं, हे विसरून चालणार नाही. पण त्या भाड्यात छप्पर दुरुस्त होईना. घरं पडायला लागली, तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. उपकर घ्यायचा आणि सरकारने डागडुजी करायची. इमारती हजारोंनी, पैसा अपुरा. मालक, भाडेकरू आणि सरकार असे तीन धनी झाले, आणि ज्या घराला तीन धनी त्याचा जिना कोण झाडणार?

अमेरिकेतही हाच घोळ झाला होता. न्यूयॉर्कच्या सोहो भागात वॉटसनसारख्याच बिडाच्या जुन्या इमारती आहेत. कारखाने गेले, तेव्हा गरीब चित्रकार त्या रिकाम्या मजल्यांवर राहायला लागले. 'लॉफ्ट'चं कौतुक सुरू झालं ते तिथून. राहायची परवानगी नाही, आग लागली तर सुटायची वाट नाही. शेवटी १९८२ मध्ये तिथल्या राज्याने कायदा केला. राहणाऱ्यांना हुसकायचं नाही, पण मालकाने इमारत राहण्याजोगी सुरक्षित करायची, आणि त्या खर्चातला वाटा भाड्यातून वसूल करता येईल. कोण काय करणार, हे कागदावर आलं. पुढे ती जागा इतकी महाग झाली की नव्या चित्रकारांना ती परवडेना, ही गोष्ट वेगळी.

हे सगळं मी पाडव्याला सांगितलं नाही. कोण ऐकणार? पण तुळशीचं लग्न झाल्यावर मी गावातल्या आमच्या जुन्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी माजघरातल्या सागवानी खांबाच्या बुडाशी पेचकस टेकवला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. वाळवी! याच खांबावर माळ्याची तुळई आणि तिच्यावर भाऊजींच्या नकाशातले दोन संडास. पाण्याच्या टाक्या वेगळ्याच. लोखंडी गर्डर घाला म्हटलं, तर काका म्हणाले, "खारं वारं आहे ताई, दर वर्षी रंग काढावा लागेल. कोण काढणार?" पुन्हा तोच प्रश्न.

मी सगळ्यांना बोलावून तो खांब दाखवला. धाकटे भाऊजी रागावले, "तुम्हाला नकोच आहे, म्हणून खोड्या काढताय." जाऊबाई दोन महिने फोनवर तुटक बोलत होत्या. मला वाईट वाटलं, पण मी हटले नाही. पाहुणे आले की चादरी मी धुणार, चहा मी करणार, आणि माळा खचला तर खालच्या माजघरात सासूबाई झोपलेल्या असणार.

शेवटी होळीला सगळे बसले. इंजिनिअरला घर दाखवलं. त्यांच्या सांगण्यावरून माळ्यावरच्या खोल्या रद्द झाल्या. खाली तीनच खोल्या काढायच्या ठरल्या, संडास घराबाहेर परसात. खांब, छप्पर, जिना, विहीर आणि शौचखड्डा हे तिघांचं मिळून, त्याची वेगळी पासबुकं, आणि भाड्याच्या दर शंभर रुपयांतले वीस आधी त्या खात्यात. कागदावर तिघांच्या सह्या झाल्या. "बायकांच्याही घ्या," असं मी म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे पहिली सही जाऊबाईंनी केली.

भाऊजी अजून थोडे नाराज आहेत. तीन खोल्यांचं उत्पन्न सहाइतकं नसणार, त्यांचंही चुकत नाही. खांब बदलायला जमवलेल्यातले निम्मे पैसे गेले आणि खोल्या या मोसमात काही सुरू होणार नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या गावांतून आता जुनी घरं पडताहेत, वाटली जाताहेत, त्यांच्या खोल्या होताहेत. तुमच्या घरातही असा कागद पसरला तर खोल्या मोजणारे पुष्कळ असतील. तुम्ही जिना, गच्ची, गटार आणि टाकी कुणाकडे, ते विचारा. सगळे हसतील. हसू दे. उत्तर लिहून घेतल्याशिवाय सही मात्र करू नका.